जात्याचा खुंटा आणि गिरणीचा पट्टा

बेळगाव तालुक्यातील ज्या सरकारी मराठी शाळेत आम्ही मुख्याध्यापक आहोत, तेथे औद्योगिक क्रांतीचा धडा शिकविताना दरवर्षी आमच्या मनात एकच तक्रार उठते. वाफेचे इंजिन, सूत कातण्याची यंत्रे, मँचेस्टरच्या गिरण्या हे सारे मुले तोंडपाठ करतात. त्यानंतरची गोष्ट, म्हणजे साधारणपणे १८७० ते १९१४ या काळात पोलाद, रसायने, खनिज तेल आणि वीज यांच्या बळावर जी दुसरी लाट आली तिची हकीगत, मात्र आपण शिक्षक मंडळी एखाद्या तासात उरकून टाकतो. आमच्या मते हे प्रमाण उलटे असावयास हवे. पहिल्या लाटेने आपल्या विणकराच्या तोंडचा घास काढला हे खरेच. परंतु ती लाट आपल्या दारापर्यंतच आली. दुसरीने उंबरा ओलांडला. ती चुलीपाशी गेली, देव्हाऱ्यापाशी गेली आणि घरातील बाईने पहाटे किती वाजता उठावे हेही ठरवू लागली.

वाचकांनी आपापल्या घरातील शब्दच पाहावेत. 'रॉकेल' हा शब्द आपण इतक्या सहजतेने उच्चारतो की तो इंग्रजीतील खडकाच्या तेलाचा अपभ्रंश आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. 'चिमणी' म्हणजे अंगणातले पाखरू. पण रॉकेलच्या मिणमिणत्या दिव्यालाही आपण चिमणीच म्हणालो, आणि ती चिमणी इंग्रजांच्या धुराड्यातून आलेली. आमच्या सीमाभागात तर या शब्दांनी भाषेची सीमा मुळीच पाळली नाही. आमचे कानडी शेजारी रॉकेलला 'चिमणी एण्णे' म्हणतात आणि पिठाच्या गिरणीला 'गिरणी'च म्हणतात. भाषेच्या प्रश्नावर एकमेकांशी वाद घालणारी दोन घरे एकाच गिरणीत दळण टाकीत आली आहेत. असो, तो विषय येथे नको.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया आणि रशियातील बाकू येथून हे तेल पत्र्याच्या चौकोनी डब्यांतून आपल्याकडे येऊ लागले. तेल संपले तरी डबा संपत नसे. त्यात धान्य राही, पाणी राही, त्यालाच कडी लावून पोहरा होई, तो फाडून छपरावर घातला जाई आणि अखेरीस कुजका डबा अंगणात तुळशीचे वृंदावनही होई. करडई-एरंडेलाचा दिवा जपून वापरावा लागे. रॉकेल आले तसा गरिबाच्या घरात रात्रीचा एखाददुसरा तास वाढला. त्या वाढीव तासात मुलगा अभ्यासाला बसला आणि आई शिवणाला बसली. काडेपेटीचेही तसेच. पूर्वी शेजारणीकडे विस्तव मागावयास जावे लागे आणि विस्तवाबरोबर गावची बातमीही येई. काडेपेटीने तो हेलपाटा वाचविला, आणि त्याबरोबर ते रोजचे निमित्तही गेले.

आमच्या शाळेची घंटा म्हणजे आगगाडीच्या रुळाचा हातभर लांबीचा तुकडा आहे. कडुलिंबाच्या फांदीला तो तारेने टांगलेला असून लोखंडी खिळ्याने वाजवितात. १८५६ मध्ये बेसेमरने पोलाद स्वस्त करण्याची युक्ती काढली नसती तर हा तुकडा येथवर आला नसता. गावातील वडीलधारी मंडळी सांगत की पूर्वी शाळा 'उन्हे पायरीवर आली' की भरे; या रुळाच्या तुकड्याने तिला दहाचा ठोका दिला.

बेळगावकरांना या विषयाचे वावडे असण्याचे कारणच नाही, कारण मराठी मुलखातील या दुसऱ्या लाटेचा एक उगम आमच्याच गावात आहे. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. १८८८ मध्ये त्यांनी आपले बंधू रामूअण्णा यांच्यासह बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढे नोकरी सोडून ते येथे आले आणि त्यांनी प्रथम कडबा कापण्याची यंत्रे व मग लोखंडी नांगर करावयास घेतले. पहिला नांगर १९०३ सालचा. तो शेतकरी घेईना. लोखंडाने जमिनीला विष चढते, अशी लोकांची समजूत होती. गिऱ्हाईक मिळण्यास बराच काळ जावा लागला. पुढे नगरपालिकेच्या निर्बंधांमुळे त्यांना बेळगावातील जागा सोडावी लागली. औंधच्या अधिपतींनी जमीन दिली आणि १९१० मध्ये कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. बेळगावला त्या घराण्याच्या नावाचा रस्ता तेवढा राहिला.

त्या नांगराने जमिनीत जेवढे खोल तास काढले त्याहून खोल तो गावगाड्यात शिरला. लाकडी नांगर गावचा सुतार करीत असे, फाळ लोहार शेवटीत असे आणि दोघांनाही सुगीला खळ्यावर बलुते मिळत असे. त्या बलुत्यात नाते होते तसा जाचही होता. सुताराचा मुलगा सुतारच होणार, हे त्याच्या जन्माआधीच ठरलेले असे. लोखंडी नांगर रोख पैशाने विकत घ्यावा लागतो आणि तो मोडला तर सुटा भाग बाजारातून आणावा लागतो. खळ्यावरची रास मोजण्याआधी सुताराची वाट पाहण्याचे कारणच उरले नाही. आमच्या गावच्या सुताराचे नातू आज उद्यमबागेतील कारखान्यांत टर्नर आणि फिटर आहेत. त्यांना महिन्याला पगार मिळतो, बलुते मागावे लागत नाही. मात्र पाळी बंद झाली की गावात त्यांच्यासाठी कुणी सूप भरून ठेवीत नाही, हेही खरे.

आणि एक गंमत पाहा. ज्या मासिकांनी मराठी मध्यमवर्गाला स्वयंपाकघराबाहेर पाहावयास शिकविले, त्यांतील काही या नांगराच्या कारखान्यातूनच निघाली. १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' म्हणून कारखान्याचे पत्रक सुरू झाले, त्याचे पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले आणि १९३० मध्ये 'स्त्री' आले. आमच्या आईच्या ट्रंकेत 'स्त्री'चे जुने अंक कापडात बांधून ठेवलेले होते. नांगर आणि मासिक एकाच आवारात तयार व्हावे, यात आम्हाला तरी विसंगती दिसत नाही.

परंतु आमच्या मनाला सर्वांत अधिक गुंतवून ठेवणारे यंत्र म्हणजे पिठाची गिरणी. रुडॉल्फ डिझेलचे इंजिन १८९७ मध्ये जर्मनीत यशस्वी झाले. त्याच्या कुळातले तेलाचे इंजिन पुढे खेडोपाडी आले आणि वीज पोहोचण्यापूर्वीच त्याने कित्येक गावांत गिरण्या चालविल्या. आमच्या लहानपणी, म्हणजे १९७० नंतरच्या काळात, गावच्या गिरणीचा तो 'पुकपुक' आवाज ओढ्यापलीकडून ऐकू येई. पत्र्याचे छप्पर, भिंतींवर, कोळिष्टकांवर आणि गिरणीवाल्याच्या भुवयांवर बसलेला पांढरा थर, थडाथडा वाजणारा चामडी पट्टा, आणि गरम पिठाचा तो वास! डबा डोक्यावर घेतला की पिठाची ऊब टाळूपर्यंत पोहोचे.

आमच्या आज्जीचा मात्र गिरणीवर विश्वास नव्हता. तिचा पहिला आक्षेप सोवळ्याचा. गिरणीच्या पाळीत आधीच्या माणसाचे पीठ राहते आणि ते आपल्या पिठात येते. ते कुणाचे, काय ठाऊक? म्हणून नैवेद्याचे दळण घरीच, जात्यावर. उपवासाच्या वरी-राजगिऱ्यासाठी गिरणीवाल्याने एकादशीच्या आधीचा दिवस राखून ठेवला तेव्हा तिचा विरोध थोडा सैल झाला. आज्जीच्या आक्षेपात तथ्य होते, ते तिला वाटत होते त्याहून मोठे होते. गिरणीत खरोखरच साऱ्या गावाचे पीठ एकमेकांत मिसळत होते. ज्या घरांचे पाणी एकमेकांना चालत नसे, त्यांचे डबे तेथे एका ओळीत लागत, आणि जो आधी आला त्याचे दळण आधी निघे. अस्पृश्यता गिरणीने मोडली असे आम्ही म्हणणार नाही. काही गावांत तेथेही निराळी वेळ आणि निराळी रांग असे. पण जे काम भिंतीआड होत होते ते चव्हाट्यावर आले आणि चव्हाट्यावर रांग पाळावी लागते.

आज्जीचा दुसरा आक्षेप तिने कधी शब्दांत मांडला नाही. तो ओवीचा होता. मराठीचा विद्यार्थी म्हणून आम्ही ओवीवर प्रेम करीत आलो आहोत. पहाटे तीन-चार वाजता उठून, दोन जावा किंवा मायलेकी समोरासमोर बसून, एका हाताने खुंटा फिरवीत व दुसऱ्याने वैरण घालीत जे गात, त्यात माहेर होते, विठ्ठल होता, भाऊ होता, सासूचा जाच होता. घरात जे बोलता येत नसे ते तेथे गाता येई, कारण ते जात्याला सांगितलेले असे. साने गुरुजींनी अशा ओव्या जमवून 'स्त्रीजीवन' सिद्ध केले. पुढे पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉत्व्हँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या टिपल्या, त्यांतील कित्येक ध्वनिमुद्रित केल्या. एका यंत्राने बंद पाडलेले गाणे दुसऱ्या यंत्राच्या फितीत राहिले, असा हा प्रकार.

काही वर्षांपूर्वी शाळेत महिलादिनी आम्ही गावातील वृद्ध स्त्रियांना ओव्या म्हणावयास बोलाविले. एका विद्यार्थिनीची पणजी आली, नव्वदीच्या घरातली. ती खुर्चीवर बसली, ध्वनिक्षेपक तिच्या तोंडासमोर धरला, आणि तिला एकही ओवी आठवेना. "गुरुजी, हात रिकामा हाय, कशी आठवंल?" ती म्हणाली. मुलांना पाठवून शेजारच्या पडवीतले जुने जाते आणविले. पोत्यावर ते मांडले, मूठभर जोंधळे आणले. खुंट्याला हात लागला मात्र, आणि ती एकामागून एक ओव्या गाऊ लागली. थांबविताना आमचीच पंचाईत झाली. शिक्षिकांचे डोळे पाणावले. आम्हीही भारावून, जरा साहित्यिक थाटात विचारले, "आज्जी, ते दिवस पुन्हा यावेत असं वाटतं का हो?"

तिने आमच्याकडे असे पाहिले की आम्ही काही तरी अभद्र बोललो असावे. "गुरुजी, ओवी ग्वाड हुती. जातं ग्वाड नव्हतं." मग आपल्या पणतीकडे बोट दाखवून ती म्हणाली, "हिच्या आज्जीला म्या साळंत घातली न्हाई. जात्याला दुसरा हात कुणाचा लावायचा?"

त्या संध्याकाळी शाळेच्या कपाटातील जुन्या पटनोंदी आम्ही खाली काढल्या. शाळा सोडल्याच्या रकान्यात, मुलींच्या नावांपुढे, सुबक मोडी वळणाच्या अक्षरात तोच तो शेरा: घरकाम, घरकाम, लहान भाऊ सांभाळणे, घरकाम. त्या घरकामात जात्याचा वाटा किती आणि पाण्याचा, सरपणाचा किती, हे कुणी लिहून ठेवलेले नाही. मुली शाळेत आल्या त्या केवळ गिरणीमुळे, असे म्हणणे अडाणीपणाचे होईल. त्यासाठी समाजसुधारकांनी शिव्या खाल्ल्या आणि शिक्षकांनी दारोदार चपला झिजविल्या. पण पहाटेचे दोन-तीन तास आणि एक जोडी हात मोकळे झाल्यावाचून त्या शिक्षकांचे म्हणणे ऐकून घ्यावयास तरी घरात कुणाला सवड होती? ओवीच्या अस्तावर आम्ही पूर्वी एक लेख लिहिला होता. त्यातील उसासे आजही खोटे वाटत नाहीत. पण ते उसासे टाकावयास आम्ही पुरुष होतो, हे त्या पणजीने ध्यानात आणून दिले.

मात्र यंत्राने बाईचे कल्याणच केले, असाही निकाल कुणी घाईने देऊ नये. स्वीडनमध्ये १८९२ साली हवेच्या दाबाचा प्राइमस स्टोव्ह निघाला. पंप मारून पेटविण्याचा, निळ्या ज्योतीचा हा स्टोव्ह शहरी मराठी घरात आला तेव्हा चुलीच्या धुरातून डोळे सुटले म्हणून बायकांनी त्याचे स्वागत केले. आणि मग वर्तमानपत्रांत ती एकाच साच्याची बातमी येऊ लागली: स्टोव्हचा भडका उडून विवाहिता मृत्युमुखी. काही स्टोव्ह खरोखर फुटले. पण सासूचा स्टोव्ह क्वचित फुटला आणि नव्या सुनेचा वारंवार फुटला, हे यंत्रशास्त्रात बसणारे नव्हते. १९८३ मध्ये दंडविधानात ४९८-अ हे कलम आले, १९८६ मध्ये हुंडाबळीचे कलम आले. आमच्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत आमची एक हुशार विद्यार्थिनी अशीच गेली. पंचनाम्यात स्टोव्हची कंपनी, त्याची टाकी, पिन, सारे तपशिलाने लिहिलेले होते. हुंड्याच्या बोलाचालीचा उल्लेख नव्हता. तिचे वडील तो कागद घेऊन आमच्याकडे आले होते. आम्ही तो वाचून दाखविला आणि दोघेही गप्प बसलो. आता शहरात स्टोव्ह नाही, २०१६ नंतर खेड्यातही गरिबाघरी गॅसचे सिलिंडर आले. भडक्याच्या बातम्या कमी झाल्या. हुंडा कमी झाला असे म्हणण्याचे धाडस आम्हाला होत नाही.

भांड्यांचे एक निराळेच प्रकरण आहे. १८८६ मध्ये अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू या दोघांनी एकमेकांना न कळता विजेच्या साह्याने ॲल्युमिनियम काढण्याची एकच रीत शोधली, आणि सोन्याच्या तोलाने मिरविणारा हा धातू गरिबाच्या चुलीवर आला. आपल्या बायकांनी त्याला 'जर्मन' असे नाव दिले. पुढे बेळगावातच त्याचा कारखाना निघाला, त्यामुळे आमच्या घरी 'जर्मनचा टोप' आणि 'कारखान्यातले काका' ही दोन्ही एकाच काळात आली. मग स्टील आले, आणि पितळ-तांबे माळ्यावर गेले. त्याबरोबर कल्हईवाल्याची आरोळी गेली. भाता मारून, नवसागराचा धूर काढून, कथलाचा बोळा फिरविताच काळे पातेले चांदीसारखे होई, ते पाहावयास आम्ही मुले शाळा बुडवीत असू. तो दरवर्षी येणारा कल्हईवाला कुठल्या गावचा, याची चौकशी आमच्या घरी कुणी केली नव्हती. तो येईनासा झाला, तेव्हाही केली नाही.

सायकलीचा उल्लेख वर आला आहे. लक्ष्मणरावांच्या दुकानातील सायकल ही साहेबाची आणि श्रीमंताची चैन होती. १८८८ नंतर सुमारे सव्वाशे वर्षांनी त्याच बेळगाव तालुक्यात आम्ही आमच्या शाळेच्या पटांगणात आठवीच्या मुलींना सरकारी सायकली वाटीत होतो. कर्नाटक सरकारची ही योजना २००६-०७ मध्ये सुरू झाली आणि बरीच वर्षे चालली. सायकली सुमार होत्या, ब्रेक पहिल्याच महिन्यात ढिले होत, हे मान्य. पण चार-पाच किलोमीटरवरच्या हायस्कुलात जावयाचे म्हणून सातवीनंतर घरी बसविल्या जाणाऱ्या मुली त्या सुमार सायकलींवरून गेल्या. रस्त्यात दोघी-तिघी शेजारी शेजारी सायकली चालवीत मोठमोठ्याने बोलत जात. गावच्या काही वडीलधाऱ्यांना ते रुचले नाही. "मुख्याध्यापकसाहेब, पोरींना जरा समज द्या," असे सांगावयास एक गृहस्थ शाळेत आले होते. आम्ही त्यांना चहा दिला आणि समज कुणालाही दिली नाही.

आता विजेचा पंप आला आहे आणि काळाचे चक्र पुन्हा थोडे फिरले आहे. शेतीला तीन फेजची वीज ठरलेल्या पाळीनेच येते, आणि ती पाळी कित्येकदा मध्यरात्रीनंतरची असते. पूर्वी पहाटे तीनला जात्यासाठी बाई उठे. आता उसाला पाणी पाजण्यासाठी दोनला पुरुष उठतो, बॅटरी घेऊन सापा-किरड्यांतून बांधावर जातो. शाळेत पहिल्या तासाला पेंगणाऱ्या मुलाला आम्ही आता दटावीत नाही. बापाबरोबर तोही रात्री शेतात होता, हे विचारल्यावर कळते.

आणि गिरणीचीही पाळी भरत आली आहे. गेल्या पाच-सात वर्षांत गावात घरोघरी घरघंटी आली. कपाटाएवढी, विजेवर चालणारी, बाईने एकटीने स्वयंपाकघरात लावावी अशी ही चक्की. दळण पुन्हा भिंतीआड गेले, पण समोर दुसरा हात नाही आणि ओवी नाही. गिरणीच्या ओट्यावर दळणाची वाट पाहत बसलेल्या बायकांचे बोलणेही थांबले; लग्ने तेथे जुळत, उसनवारी तेथे ठरे, कुणाच्या घरी काय बिनसले आहे तेही आधी तेथेच कळे. आमच्या गावचा गिरणीवाला, आमचाच एक जुना विद्यार्थी, आता दिवसातून दोनच तास पट्टा चढवितो. मिरची आणि मसाल्यावर भागते म्हणतो. त्याची मुलगी बेळगावच्या पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या दिवाळीत बंद पडलेली मोटर तिने स्वतः उघडून दुरुस्त केली, हे तो येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दळण मोजता मोजता सांगतो.